एका वाक्याची प्रार्थना

मी प्रार्थना फार सुंदर करायचे. यात नम्रतेचा भाग नाही. ऐकणाऱ्यांनी तसं सांगितलेलं आहे आणि मी ते दर वेळी लक्ष देऊन ऐकलेलं आहे.

आमची ख्रिस्ती मंडळी छोटी, मराठी. रविवारी कल्याणला एका हॉलमध्ये उपासना आणि गुरुवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा. कधी कळव्याला, कधी डोंबिवलीला आमच्याकडे, कधी पार आंबिवलीला. सभेनंतर फक्त चहा-बिस्किटं असा नियम आहे आणि तो आजवर कुणीही पाळलेला नाही. गाणी होतात, शास्त्र वाचून होतं, मग पाळक म्हणतात, "आता कुणी बहीण किंवा भाऊ प्रार्थनेत पुढे होईल." सगळे डोळे मिटतात. त्यानंतरची ती जी शांतता असते, तिच्यात सगळे माझी वाट बघत असतात हे मला माहीत असायचं. मी तीन श्वास थांबायचे. जास्त थांबलं तर दुसरं कुणीतरी सुरू करतं, कमी थांबलं तर उतावळेपणा दिसतो.

मग मी खालच्या सुरात सुरू करायचे. कुणाचा गुडघा दुखत असेल तर तो कोणता, जिना चढताना दुखतो की उतरताना, रात्री उशी कुठे ठेवावी लागते, हे सगळं मी देवाला सांगायचे, जणू तो गुडघा त्यानं केलेलाच नव्हता. एकदा एका भावाच्या मूळव्याधीसाठी मी इतकी तपशीलवार प्रार्थना केली की दुसऱ्या दिवशी आणखी दोन भाऊ डॉक्टरांकडे तपासून आले.

नाटकाची हौस जुनी. नाताळच्या नाटकात पंचवीस वर्षं दुष्ट राजा मीच, दाढी लावून. नोकरीही अशी मिळाली की बोलायला मोकळं रान. डोंबिवलीत एका दातांच्या डॉक्टरांकडे मी रिसेप्शनला बसते. तिथे बाकी सगळ्यांची तोंडं उघडी असतात, पण बोलता मला एकटीलाच येतं.

या लेखात कुणाचंही नाव नाही. मात्र नाव न घेणं पुरेसं असतं असं मला एकेकाळी वाटत होतं, आणि ही गोष्ट त्याचीच आहे. म्हणून ज्या तिघांची ही गोष्ट, त्यांना मी आधी हे वाचून दाखवलं. तिघांनी होकार दिला. एकीनं फक्त 'म्हातारी' हा शब्द काढायला लावला. तो मी काढला आहे.

तर माझी मैत्रीण. राहायला कळव्याला. उपासनेत अकरा वर्षं आम्ही शेजारी बसत होतो. मी सगळ्यांत मोठ्यानं गाणार, ती सगळ्यांत बरोबर. मी ताल सोडून पळायला लागले की ती माझ्या गुडघ्यावर बोटानं ठोके द्यायची. बोलणं मोजकं. माझ्यासारखीशी कुणी मैत्री करायची तर ते माणूस असंच लागतं, नाहीतर दोघींपैकी एकीला संधीच मिळणार नाही.

एका रविवारी उपासनेनंतर आम्ही दोघी सतरंज्या घडी करत होतो. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. घडी घालत घालत जवळ आलो तेव्हा ती हळूच म्हणाली, "ह्यांची नोकरी गेली गं. दोन महिने झाले."

तिचा नवरा शीळफाट्याजवळच्या एका छापखान्यात होता. औषधांची खोकी छापायची, मशीनवरचं काम. मालकानं छापखाना बंद केला. आणि हा माणूस रोज सकाळी आठ वाजता दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन पूर्वीसारखाच घराबाहेर पडत होता. ठाण्याला जायचा, तळावपाळीला तळ्याकाठच्या एका बाकावर बसायचा. मोबाईलवरून अर्ज पाठवायचा, कुठे बोलावलं तर जाऊन यायचा, एक वाजता डबा खायचा, सात वाजता घरी. हे सगळं आईला कळू नये म्हणून.

"आईंना का नाही सांगत?" मी विचारलं.

"सासऱ्यांची वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडली ना, तेव्हा ते घरी बसले. भिंतीकडे तोंड करून. वर्षाच्या आत गेले. आईंनी ते परत बघायला नको, असं ह्यांचं म्हणणं." ती सतरंजीकडे बघत होती. "कुणाला सांगू नकोस हं."

मी तिचा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी आलं, ते अगदी खरं होतं. आणि म्हणाले, "देवाशिवाय कुणालाही नाही."

हे वचन मी अक्षरशः पाळलं. चार दिवसांनी मी ते फक्त देवालाच सांगितलं. त्या खोलीत आणखी चौदा माणसं बसली होती, एवढंच.

गुरुवारची सभा कळव्यालाच, तिच्या शेजारच्या इमारतीत होती. मैत्रीण माझ्या बाजूला सतरंजीवर. तिची सासू, जिला आम्ही सगळे मावशी म्हणतो, गुडघ्यांमुळे प्लास्टिकच्या खुर्चीवर. मैत्रिणीचा नवरा 'कामावरून' यायचा होता. पाळकांनी नेहमीचं वाक्य म्हटलं, मी तीन श्वास थांबले आणि सुरू झाले.

खरं सांगते, मला तिच्या नवऱ्याबद्दल मनापासून वाईट वाटत होतं. चार दिवस मी त्या बाकावरच्या माणसाला डोळ्यांसमोरून हलवू शकले नव्हते. नाव घ्यायचं नाही हेही पक्कं ठरवलेलं होतं.

"प्रभू," मी म्हणाले, "तुझा एक मुलगा आहे. त्याचं नाव तुला माहीत आहे, आम्हाला माहीत असण्याची गरज नाही. तो रोज सकाळी आठला दाढी करून निघतो. इस्त्रीचा शर्ट घालतो. पण प्रभू, ज्या यंत्रापाशी तो उभा राहायचा ते यंत्र आता बंद आहे. तो तळ्याकाठच्या बाकावर बसतो, प्रभू, डबा मांडीवर ठेवून. पाण्याकडे बघत एकटा जेवतो. आणि संध्याकाळी तो हसत घरी जातो, कारण त्याच्या आईला..."

'आई' म्हटलं आणि शेजारी काहीतरी हललं. मैत्रिणीनं माझ्या गुडघ्याजवळचा आपला हात काढून घेतला होता. मी एक डोळा किंचित उघडला. प्रार्थनेत एक डोळा किंचित उघडायची मला सवय होती, प्रेक्षकांचा अंदाज यायला. सगळ्यांचे डोळे उघडे होते आणि सगळे प्लास्टिकच्या खुर्चीकडे बघत होते. फक्त खुर्चीवरच्या मावशींचे डोळे घट्ट मिटलेले. हात जोडलेले.

"आमेन," मावशी म्हणाल्या. मोठ्यानं. मी अजून वाक्यात होते.

आमेन झाल्यावर कुणाला काही करता येत नाही. सभा संपली. मैत्रीण उठली, सासूला हात दिला, चप्पल घातली. मी जिन्यात तिला गाठलं.

"अगं ऐक, मी नाव नाही घेतलं..."

"नाव सोडून सगळं घेतलंस," ती म्हणाली. मावशींना एकेक पायरी उतरवत ती गेली.

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. सांगताना मधे मी मावशींचं आमेनही करून दाखवलं, इतकी ती सवय हाडीमाशी मुरलेली होती. माझा नवरा शांत माणूस आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्या घरी आत्ता काय चाललं असेल गं?"

माझ्या मनात सबंध वाटेत फक्त माझं काय चाललंय एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी पाळकबाईंकडे गेले. पाळकांच्या या पत्नी फार शिकलेल्या वगैरे नाहीत, पण पाळक प्रवचन लिहून झाल्यावर ते त्यांना वाचून दाखवतात आणि त्या म्हणतील ते खोडतात. त्या गवार मोडत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि पश्चात्ताप सुरू केला. तोही, आता आठवलं की लाज वाटते, उत्तम झाला. शेवटी म्हणाले, "मी चाळीस दिवस मौन पाळते. एक शब्द बोलणार नाही. पाटीवर लिहीन."

पाळकबाई हसायला लागल्या. गवार मांडीवरून सांडली तरी हसत होत्या.

"मौन? तू? अगं, चाळीस दिवस सगळ्या कल्याण-डोंबिवलीत तुझ्या मौनाचीच चर्चा होईल. तुला काय, तेच पाहिजे." मग हसू आवरून म्हणाल्या, "एक सांग. काल तू देवाशी बोलत होतीस की आमच्याशी?"

"देवाशीच की."

"मग एक डोळा उघडा कशाला होता?"

"तुम्हाला काय माहीत?"

"माझाही होता."

मग त्या बाईंनी मला जे सांगितलं त्यात उपास नव्हता की गुडघे टेकून रात्र काढणं नव्हतं. इतकं साधं होतं की मला अपमान वाटला. सभेत प्रार्थना करायची, पण एका वाक्याची. कुणाची गोष्ट कानावर आली तर तीन दिवस ती तशीच ठेवायची, चौथ्या दिवशी सांगावीशी वाटली तर स्वतःला विचारायचं की का. आणि रोज सकाळी तांदूळ निवडताना एका माणसासाठी प्रार्थना करायची. ओठ न हलवता.

"एवढंच?" मी म्हटलं.

"तू गुडघ्यासाठी सकाळी वीस वेळा पाय उचलतेस ना? पहिल्या दिवशी काही वाटलं का? सुभक्तीचंही तसंच. रोज थोडं. कुणी बघत नसताना." त्यांनी सांडलेली गवार गोळा केली. "आणि तिची माफी मागायला जा. एकदाच. कारणं द्यायची नाहीत."

मी गेले. मैत्रिणीनं दार उघडलं, पण बाहेरची जाळी उघडली नाही. माझ्या तोंडात कारणांची रांग लागली होती: माझा हेतू, माझे अश्रू, मी नाव कसं घेतलं नव्हतं. मी म्हणाले, "माझं चुकलं. मला माफ कर." आणि जीभ दातांखाली धरली. ती माझ्याकडे बघत राहिली. बहुतेक पुढचं येईल म्हणून थांबली असावी. ते आलं नाही तेव्हा म्हणाली, "बरं." आणि दार लावलं, आपटलं नाही.

त्या रविवारी ती चार रांगा पुढे जाऊन बसली. मी गाताना दोन ओळी पुढे निघून गेले आणि ठोके द्यायला कुणी नव्हतं.

मंगळवारी मावशींचा फोन आला. "दुपारी ये गं. घरात कुणी नाही."

मला वाटलं आता कानाखाली बसणार. मी तयारीनंच गेले. मावशी मोरीत पाटावर बसून मुलाचा शर्ट धूत होत्या. मला म्हणाल्या, "बस तिथं उंबऱ्यावर. हे धुणं मी मशीनला देत नाही. शाई मशीनला निघत नाही."

मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोरी, तू मला काय सांगितलंस त्या दिवशी? मला दुसऱ्याच आठवड्यात कळलेलं."

मी उंबऱ्यावरून पुढे सरकले.

"वीस वर्षं ह्याच्या बाह्यांची टोकं मी घासते. काळी, निळी, लाल. ज्या रंगाची खोकी छापली त्या रंगाची. एक दिवस शर्ट आला तो स्वच्छ. दुसऱ्या दिवशी स्वच्छ. म्हटलं, झालं."

"मग बोलला का नाहीत?"

"कशाला बोलू? त्याचा बाप घरी बसला तेव्हा पहिली गोष्ट काय सोडली असेल, तर दाढी. हा रोज उठून दाढी करत होता. मला कळू नये म्हणून का होईना, करत होता ना? मग म्हटलं, कळू नाही द्यायचं." त्यांनी ब्रश उचलला. "स्वच्छ शर्ट मी रोज घासत होते. तो बाहेरच्या खोलीत असायचा. आवाज जायला पाहिजे ना त्याच्या कानावर."

त्या स्वच्छ बाहीवर त्यांनी ब्रश मारून दाखवला. खसाखस.

पंचवीस वर्षं मी नाटकात काम करते. अशी नटी मी पाहिली नाही. दोन महिने, रोज एक प्रयोग, एका प्रेक्षकासाठी. आणि टाळी पडली असती तर प्रयोगच फसला असता.

"आणि गुरुवारी घरी गेल्यावर?" मी विचारलं.

"मग काय, आत्ताच कळलं असं दाखवलं. रडले थोडी. रडायला तर पाहिजे." त्या थांबल्या. "पण शुक्रवारपासून त्यानं दाढी केली नाही. आज सुनेनं ओढून नेलंय कुठं तरी अर्ज द्यायला."

तेव्हा मला कळलं मी काय केलं होतं. गुपित फुटलं वगैरे ही बाहेरची गोष्ट. एक माणूस रोज सकाळी ज्या आधारावर उठत होता तो मी सुंदर आवाजात काढून घेतला होता. मी रडायला लागले. मावशी म्हणाल्या, "रडू नको, मला आधीच ओल्या जागेत बसावं लागतंय."

मग त्यांनी अट घातली. "मला आधीपासून माहीत होतं हे तिला सांगायचं नाही. त्याला तर नाहीच. त्याला कळलं की आई सगळं जाणून होती, तर गेल्या दोन महिन्यांतल्या एकेका दिवसाची त्याला लाज वाटेल. काम लागू दे, मग मी सांगेन. तोवर तुझ्या पोटात."

"मावशी, मला कशाला सांगितलंत मग?"

"तू मला धक्का दिलास असं समजून झुरशील म्हणून. आणि तुझ्या पोटात काही राहतं का, ते बघू."

बघा आता. मंडळीत कुजबूज एकच होती की माझ्यामुळे मावशींना धक्का बसला. मैत्रिणीनं बोलणं सोडलं ते त्याच कारणानं. आणि माझ्याजवळ असं एक वाक्य होतं जे बोलले असते तर निम्मा गुन्हा माफ झाला असता. शिवाय ती गोष्टही काय गोष्ट होती! ब्रशचा आवाज काढत मी ती कुठेही सांगितली असती तर माणसं जेवण विसरून ऐकत बसली असती.

मी पाळकबाईंची कसरत करायला लागले. वाईट करायला लागले. पहिल्या गुरुवारी माझ्या एका वाक्यात नऊ वेळा 'आणि' आला. पाळकबाई चहा देताना म्हणाल्या, "वाक्याला पूर्णविराम असतो गं बाई." क्लिनिकमध्ये एका पेशंटनं तिच्या बहिणीच्या मोडलेल्या लग्नाची गोष्ट सांगितली. तीन दिवस ठेवली. चौथ्या दिवशी स्वतःला विचारलं, का सांगायची आहे? उत्तर आलं, मजा येईल म्हणून. गोष्ट तोवर शिळ्या भज्यासारखी झाली होती, मी टाकून दिली. पण दुसरी एक गोष्ट दुसऱ्याच दिवशी, कंपाउंडरला, हावभावांसकट सांगून मोकळी झाले. असं पुष्कळ वेळा झालं.

घरी मला वाटत होतं मी फारच सुधारले आहे. एकदा जेवताना कुणाचा तरी विषय निघाला, मी मोठ्या संयमानं गप्प बसले. नवरा म्हणाला, "तोंड बंद आहे तुझं, पण भुवया सगळं सांगतायत."

तांदळाचं वेगळंच. हल्लीच्या पाकिटातल्या तांदळात खडे नसतात, तरी मी ताट घेऊन बसायचे. ओठ न हलवता प्रार्थना म्हणजे सुरुवातीला मनात तेच नाटक, फक्त आवाज बंद केलेला. मनातल्या मनात एखादं वाक्य जमलं की मी मनातल्या मनात माझ्यावर खूश व्हायचे. दोन-तीन आठवडे असं चाललं आणि मग ती वाक्यं संपली. कारण ऐकणारं कुणी नसलं की वाक्यं फार टिकत नाहीत. एका सकाळी माझ्याजवळ फक्त एवढंच उरलं: तो उठू दे. दाढी करू दे. दुसऱ्या दिवशीही तेच. पुढे पुढे मी त्या माणसासाठी प्रार्थना करते आहे हेही विसरून नुसती त्याच्याजवळ बसल्यासारखी बसायला लागले. देव त्या ताटापलीकडे बसला आहे असं मला वाटायला लागलं आणि त्याला माझ्या वर्णनांची गरज नव्हती. बावन्नाव्या वर्षी मला हे कळलं. याचं श्रेय मी घेणार नाही. मी फक्त ताट घेऊन बसत होते.

नाताळ आला. प्रीतिभोजनासाठी आम्ही बायका हॉलच्या मागे कांदे-लसूण घेऊन बसलो होतो. मैत्रीण माझ्यासमोर, पण माझ्याशी न बोलता. मावशी गारठ्यामुळे आल्या नव्हत्या. एकीनं, जिची जीभ माझ्याइतकीच चांगली आहे, विषय काढला. "मावशींचं बीपी तेव्हापासून वरखाली होतंय म्हणे. एवढा धक्का! या वयात!" आणि माझ्याकडे बघून, "प्रार्थना करावी, पण एवढी?"

दोघी-तिघी हसल्या. ते वाक्य माझ्या दातांच्या मागे येऊन उभं राहिलं. त्यांना आधीच माहीत होतं. चार शब्द. मैत्रीण कांदा चिरायची थांबून माझ्याकडे बघत होती. कांद्यानं तिचे डोळे लाल झाले होते. मला असं दिसत होतं की हे चार शब्द बोलले तर ती सुरी खाली ठेवेल, "काय?" म्हणेल, आणि सगळं परत मिळेल. आणि तिकडे कळव्याला एक माणूस, जो नुकता कुठे पुन्हा दाढी करून अर्ज घेऊन फिरायला लागला होता, त्याला संध्याकाळपर्यंत कळेल की आई त्याचं सोंग बघून सोंग करत होती.

"हो," मी म्हणाले. "चुकलंच माझं."

आणि लसूण सोलत राहिले. भुवयांचं काय झालं ते मला माहीत नाही, मी मान खाली घातली होती. त्या वर्षी प्रीतिभोजनात लसूण जरा जास्तच पडला होता, कारण मी थांबलेच नाही.

फेब्रुवारीत त्याला काम लागलं. आंबिवलीजवळ एक लहान छापखाना, लग्नपत्रिका आणि शाळांच्या वह्या. पगार आधीपेक्षा कमी, पण मशीन तेच. त्यांच्या घरी आभाराची सभा ठेवली. बोलावणं मंडळीत जाहीर झालं होतं, म्हणून मी गेले आणि दाराजवळ बसले. प्रार्थनेची वेळ आली, तीन श्वास गेले, चार गेले, आणि मी म्हटलं, "प्रभू, तू त्याला उठवलंस, तुझे आभार." माझ्या आठवणीतली ती माझी पहिली प्रार्थना जिच्यानंतर कुणी माझ्याकडे वळून बघितलं नाही.

मग मावशी उभ्या राहिल्या. "मला साक्ष द्यायची आहे." आणि त्यांनी सांगितलं. स्वच्छ बाह्या, ब्रश, खसाखस, सगळं. त्यांनी ते इतकं सपाट सांगितलं की माझ्यातला नट कळवळला, मधे किती जागा सोडल्या! पण खोलीत कुणी हालत नव्हतं. मुलगा उठून गॅलरीत गेला. जरा वेळानं आत आला, आईच्या खुर्चीपाशी खाली बसला आणि म्हणाला, "मला वाटायचं, एवढं काय घासते ही. मी तर बाकावर बसून येतोय." मावशींनी त्याच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "इथं राहिलेत बघ दोन केस." तो हसला, आणि मग सगळेच हसायला लागले, कारण दुसरं काय करणार.

मी कप गोळा करून स्वयंपाकघरात गेले. मागोमाग मैत्रीण आली. नळ सोडला, बंद केला.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"त्याच आठवड्यात सांगितलं त्यांनी."

तिनं हिशेब केला, तो मला तिच्या चेहऱ्यावर दिसला. "नाताळात कांदे चिरत होतो तेव्हा?"

"हो."

"ती एवढं बोलली तुला सगळ्यांसमोर. एक शब्द बोलली असतीस तर मी..."

"सांगू नकोस म्हणाल्या होत्या."

"तू?" ती म्हणाली. "तू सात महिने पोटात ठेवलंस?"

"जड गेलं," मी म्हणाले. "वजन वाढलंय बघ."

ती हसली नाही. ओट्याला टेकून उभी राहिली. बाहेर पेटी वाजायला लागली होती, कुणीतरी चुकीच्या पट्टीत सुरू केलं होतं. ती एक कप विसळायला लागली आणि तोच कप परत विसळायला लागली.

"मी चिडले होते, ते खरंच होतं हं," ती म्हणाली. "आईंना माहीत असो नसो. तू सांगितलंसच ना."

"सांगितलं."

"हं." तिनं कप पालथा घातला. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाली, "उद्या मला एका ठिकाणी जायचंय. ह्यांना नाही सांगितलेलं. आईंनाही नाही. एकटीनं जायला नको वाटतंय."

माझ्या डोक्यात किती प्रश्न उभे राहिले ते सांगत नाही. कुठे, कशाला, दवाखाना की वकील, दुखतंय का, कुठे दुखतंय. मी नळ सोडला आणि दुसरा कप घेतला.

"किती वाजता?" मी विचारलं.

"साडेनऊ."

"येते."